छत्तीस मागितलं की छत्तीस देणाऱ्या दुकानदारांना

प्रति,
कराडमधल्या आणि गावोगावच्या तमाम होजिअरीवाल्या, मॅचिंग सेंटरवाल्या, लेडीज वेअरवाल्या दुकानदारांस,

स. न. वि. वि.

मी ब्लाऊज शिवते. एकवीस वर्षं झाली. तुमचा-माझा धंदा तसा वेगळा. तुम्ही तयार माल विकता, मी कापड कापते. पण तुमच्या काउंटरवर ब्राच्या मापात झालेल्या चुकीचा राग माझ्या मशीनवर निघतो, म्हणून हे पत्र लिहायला बसले. नाव कुणाचं घेणार नाही. ज्याचं त्याला कळेल.

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. एक वहिनी पैठणीवरचा ब्लाऊज घेऊन तणतणत आल्या. कटोरी कट, आतून अस्तर, बाहीला काठ; माझे दोन दिवस गेले होते त्यावर. दोन दिवसांवर त्यांच्या पुतण्याचं लग्न. "ताई, बिघडवलात तुम्ही." घालून दाखवला तर खरंच बिघडलेला. कटोरीचं टोक वर, छाती त्याच्या इंचभर खाली, आणि मधे चुण्या. मी वही काढली. खांद्यापासून पॉइंटपर्यंत, म्हणजे छातीच्या टोकापर्यंत, दहा इंच, माझ्याच अक्षरात. टेप लावली तर अकरा. पंधरा दिवसांत बाई काही इंचभर उतरत नाही. विचारलं, "वहिनी, माप द्यायला आलात तेव्हा आत काय घातलं होतं?" त्या गप्प झाल्या, मग हसायला लागल्या. त्या दिवशी नणंदेने पुण्याहून आणलेली ब्रा होती, आज रोजची. रोजची म्हणजे तुमच्याकडची.

पडद्यामागे नेऊन बघितलं. खांद्यावर दोन्हीकडे खाच, करंगळी ठेवली तर बसेल एवढी. कातडी तिथे काळी पडलेली. मागचा पट्टा पाठीच्या फऱ्यांपर्यंत चढलेला, पुढची बाजू खाली ओघळलेली. पट्ट्या इतक्या आवळलेल्या की वरचं बक्कल थेट खांद्यावर आलेलं. लेबलवर फक्त ३८. वाटीच्या मापाचं अक्षर नाहीच. मी छातीखालचा घेर मोजला, ३२ भरला. छातीवरचा ३८. आकडा असतो खालच्या घेराचा, म्हणजे हे ३८ कुठून आलं ते कळलंच. वहिनी म्हणाल्या, "मी कुठे मोजलं? त्यांनीच बघून सांगितलं, तुम्हाला अडतीस लागेल."

बघून सांगितलं!

आपल्याकडे बांगड्या भरणारा कासारसुद्धा नुसतं बघून सांगत नाही हो. हात हातात घेतो, अंगठ्याच्या बुडाशी दाबून बघतो आणि मग ठरवतो, दोन-सहा की दोन-आठ. आणि भरताना बांगडी फुटली तर ती त्याच्या पदरची, बाईच्या नाही. काचेची बांगडी सणापुरती घालायची, तिला एवढा मान. जी वस्तू बाई सकाळी सातला घालते आणि रात्री दहाला काढते, तिला तुमची एक नजर पुरते. ती नजरही साडीच्या पदरावरून.

आता तुम्हाला माझ्या धंद्यातली एक साधी गोष्ट सांगते. सहावारी साडीचं सगळं ओझं कशावर असतं? परकराच्या नाडीवर. नाडी ढिली बांधून खांद्याला चार पिना जास्त लावल्या म्हणून साडी टिकेल का? ब्राचंही तसंच आहे. ओझं पेलतो तो छातीखालचा पट्टा. खांद्याच्या पट्ट्या नुसत्या वाटी जागेवर धरायला. पट्टा सैल झाला की तो मागून वर सरकतो, पुढची बाजू खाली येते, बाई वैतागून खांद्याच्या पट्ट्या आवळते, आणि सगळं वजन दोन बोटं रुंदीच्या इलॅस्टिकवर येतं. मग खांद्याला खाच पडते, मान आखडते, आणि बाई म्हणते वय झालं. वय बत्तीस.

तुम्ही काय करता, तर बाईची वाटी भरून बाहेर येतेय म्हटलं की आकडा वाढवता. ३४ नाही होत? ३६ घ्या. ३६ मध्ये नाही मावत? ३८ घ्या. आकडा वाढला की वाटी वाढते हे खरं, पण पट्टाही वाढतो. खरं तर वाढवायचं होतं अक्षर. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी, या तिघींच्या वाटीत माप सारखंच मावतं. बदलतो तो फक्त पट्टा. हे मी ज्या ज्या बाईला सांगते ती आधी विश्वास ठेवत नाही. तिला वाटतं डी म्हणजे केवढी तरी मोठी. एका सडपातळ शिक्षिकाबाईंना मी ३२ डी बघा म्हटलं तर त्या लाजून लाल झाल्या, "ताई, काहीतरीच काय, मी काय डी?" अक्षर एकटं काहीच सांगत नाही हो. ते पट्ट्याच्या हिशोबात वाचायचं असतं. छातीवरच्या घेरातून खालचा घेर वजा करायचा. एक इंच फरक म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन सी, चार डी. पुढेही अक्षरं आहेत, पण आपल्या पेठेत ती कुणी पाहिलेली नाहीत.

यात अजून एक घोळ आहे, आणि तो तुमचा नाही, ब्रा बनवून डब्यात भरणाऱ्या कंपन्यांचा आहे. डब्यामागे जे कोष्टक छापलेलं असतं त्यात खालच्या घेरात चार इंच मिळवायला सांगतात. माझंच उदाहरण घ्या. माझा खालचा घेर ३०, वरचा ३६. कोष्टकाप्रमाणे तीस अधिक चार, म्हणजे ३४. छत्तीस उणे चौतीस, म्हणजे बी. झालं, ३४ बी. मी पंधरा वर्षं ३४ बी घातली. दुसऱ्यांची मापं घेऊन पोट भरणारी बाई मी, स्वतःचं माप डब्यामागे वाचत होते. ते चार इंच काढून टाकले तर पट्टा तीसचा आणि फरक सहाचा, म्हणजे डीच्याही दोन घरं पुढे. कुठे ३४ बी आणि कुठे हे. न ताणणाऱ्या जुन्या कापडाला ते चार इंच चालून गेलेही असतील. आताचा पट्टा इलॅस्टिकचा असतो, तो मुळातच ताणतो. त्यात चार इंच आणखी सोडले तर तो पट्टा राहत नाही, नुसती कडा राहते. तीसचा पट्टा मला तुमच्यापैकी एकाकडेही मिळाला नाही. ३२ वर भागवते आणि मागे एक टीप मारून घेते. माझ्याकडे मशीन आहे म्हणून बरं.

ही अक्षरं काही फार जुनी नाहीत. १९१४ साली मेरी फेल्प्स जेकब नावाच्या अमेरिकन बाईने ज्या ब्राचं पेटंट घेतलं ती मुळात दोन रुमाल आणि रिबिनीतून जुळवलेली होती. शिवणारणीला हे वाचून बरं वाटतं. ए, बी, सी, डी आलं ते १९३० च्या दशकात, तेही अमेरिकेतच. म्हणजे नव्वदएक वर्षं होत आली. आपल्या पेठेत अजून यायचंय.

आणि त्याआधी आपल्याकडे काही नव्हतं असं नाही. माझी आजी शेवटपर्यंत खणाची चोळी घालायची. गुळेदगुडचा खण, पुढे गाठ. लहानपणी मला ती गाठ बघून हसू यायचं. आता कळतं की त्या गाठीत किती शहाणपण होतं. अंगावर पिणारं मूल असलं की सैल, शेतात भांगलायला गेलं की घट्ट, उपासाने उतरली की अजून एक वेढा. तिचं माप दररोज सकाळी तीच घेत होती. ३८ च्या डब्याने ते माप तिच्या नातीच्या हातातून काढून घेतलं आणि तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते घेतलं नाहीत.

मला माहीत आहे तुमच्यातले अर्धे आता काय म्हणतायत. "ताई, आम्ही पुरुष माणसं, बायकांना टेप लावणार का?" नका लावू. पुरुषाने हा माल विकू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. मी ज्यांच्याकडे शिवण शिकले ते मास्तर पुरुषच. त्यांची रीत अशी होती की माप त्यांची बायको पडद्याआड घ्यायची आणि आकडे मोठ्याने सांगायची. मास्तर बाहेर पाठ करून बसून वहीत लिहायचे. "मुंढा साडेसात, छाती चौतीस, पॉइंट साडेनऊ." आख्ख्या पेठेत त्यांच्याइतका बसणारा ब्लाऊज कुणाचा नव्हता. अडचण पुरुष असण्याची नाही. न मोजण्याची आहे.

उलट बायकांना तुमच्या दुकानात किती अवघडल्यासारखं होतं ते तुम्ही बाहेरून कधी बघितलं नसेल. बाई आधी दोनदा दुकानावरून पुढे जाते. गर्दी कमी झाली की आत येते, रुमाल मागते, परकर मागते, मग आवाज खाली घेऊन "ते... छत्तीस द्या." तुम्ही डबा काढता, झाकण उघडून एक कोपरा दाखवता, "क्रीम का काळा?" आणि पैसे घेता. दीड मिनिटात व्यवहार संपतो. ती डबा पिशवीत ढकलते तो घरी जाऊनच उघडते. २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा मला वाटलं, चला, ती काळी पिशवी तरी जाईल. तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळायला लागलात. सॅनिटरी पॅडला आणि ब्राला एकच वागणूक. चोरीचा माल असल्यासारखी.

आणि ही लाज फक्त आतली, बाहेर नाही. बाहेर दारावर तर अर्धा डझन हँगरला लटकवलेल्या असतात, ऊन-धूळ खात. मुंबई महापालिकेत २०१३ साली नगरसेवकांनी ठराव मंजूर केला होता, दुकानाबाहेरच्या पुतळ्यांवर आतले कपडे दाखवायचे नाहीत म्हणून. केवढी चर्चा झाली होती तेव्हा. बाहेरच्या पुतळीची एवढी काळजी. आत उभ्या असलेल्या जित्या बाईला आरसा आहे का, आडोसा आहे का, हे विचारायला कुणाला ठराव करावासा वाटला नाही. पुतळीला निदान ब्रा नीट बसते. मागे पिना मारलेल्या असतात.

मग पाटी. "आतले कपडे बदलून मिळणार नाहीत." स्वच्छतेचं कारण मला पटतं. कुणी घालून घामेजलेली ब्रा परत आणली तर मीही घेणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा धरली आहे, पण माप न बसणं म्हणजे माल सदोष असणं नव्हे, हेही मला कळतं. तेव्हा कायद्याचा धाक घालायला हे पत्र नाही. पण बघा, तुम्ही मोजत नाही, घालून बघू देत नाही आणि बदलूनही देत नाही. तिन्ही दारं बंद. घरी जाऊन बसली नाही की ती तीनशे रुपयांची ब्रा कपाटात जाते आणि बाई जुनीच, इलॅस्टिकला लाटा आलेली, पुन्हा घालते. घरात सांगायचीही सोय नसते. नवऱ्याला म्हणणार काय, तीनशे वाया गेले? नोकरी करणाऱ्या मुली आता मोबाईलवरून मागवतात. तिथेही हा माल परत घेतीलच असं नाही, पण निदान ३२ डी लिहिलेलं सापडतं. ते गिऱ्हाईक तुमच्या हातून गेलंय, हे तुम्हाला गल्ल्यात दिसत असेलच.

राहिल्या त्या कोण? एक चौदा वर्षांची मुलगी आईबरोबर येते माझ्याकडे. खो-खो खेळायची, जिल्ह्यापर्यंत गेलेली. आईने सांगितलं, "ताई, हिला घट्ट समीज शिवून द्या, दोन पदरी." का? तर पळताना लोक बघतात. दुकानात गेल्या तर तुम्ही म्हणालात, लहान मुलीला काय लागतं, हे घ्या, वाढत्या अंगाचं, ३४. घेर होता २८. मुलगी खांद्यावरची पट्टी सावरत खुंट मारणार का खो देणार? मी शिवून दिलं, दोन पदरी, मधे उरेप, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी टाकून, जमेल तसं. खेळायची ब्रा पहिल्यांदा बनली तीही अशीच घरगुती. १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँटमध्ये तिघीजणींनी पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा पट्टे एकमेकांना जोडून शिवली. त्यातली एक नाटकाचे कपडे करणारी होती. म्हणजे आमच्याच जातकुळीची. पण मी शिवलेलं ते समीज दोन महिन्यांत सैल पडलं, आणि मुलीने खेळ सोडला तो सोडलाच. परवा भेटली तर म्हणाली, अभ्यास आहे. असेलही.

आणि एक काकी. त्यांचं एका बाजूचं स्तन ऑपरेशनने काढलेलं. त्यांनी दुकानात काही विचारलंच नाही. विचारणार तरी काय, काउंटरवर चार माणसं उभी असताना? माझ्याकडे आल्या, पडदा ओढला आणि म्हणाल्या, "ताई, ब्लाऊज एका बाजूने बसत नाही, तुम्हीच काही करा." त्यांच्याच एका सुती ब्राला मी आतून खिसा लावला, तिरक्या तोंडाचा, म्हणजे वाकल्यावर आतलं बाहेर पडू नये. मलमलची गोल पिशवी शिवून तिच्यात मोहरी भरली. दुसऱ्या बाजूइतकी भरेपर्यंत चार वेळा उसवली आणि परत शिवली. वजन मुद्दाम सारखं केलं, नाहीतर ब्रा एका अंगाला चढते आणि खांदा तिरका पडतो. काकींनी ती घातली, वरून ब्लाऊज घातला आणि आरशात न बघता आधी हाताने चाचपलं. मग बघितलं. असे खिसेवाले तयार मिळतात, कंपन्या बनवतात. तुमच्यातल्या कुणी मागवून ठेवलेत?

कॅन्सरवरून आठवलं. काउंटरवर तारवाली नको म्हणणाऱ्या बायकांना तुमच्यातले काहीजण मान डोलावून सांगतात, "हो, तारेने कॅन्सर होतो, साधीच घ्या." नका सांगू. २०१४ साली सिएटलच्या फ्रेड हचिन्सन संशोधन केंद्राने पाळी गेलेल्या दीड हजारावर बायकांना विचारून बघितलं. किती तास घालता, तार आहे का, कितव्या वर्षी घालायला लागलात. ब्राचा आणि स्तनाच्या कॅन्सरचा काही संबंध त्यात सापडला नाही. तार टोचते ती माप चुकलेलं असतं म्हणून. वाटी लहान पडली की तार स्तनाच्या कडेला बसायच्या ऐवजी स्तनावरच बसते. बरोबर मापाची तार बाईला दिवसभर जाणवतही नाही.

आता तुमची बाजू. मीही दुकान चालवते, पडून राहिलेला माल म्हणजे काय ते मला कळतं. ३२ ते ४२ पर्यंत सहा आकडे, प्रत्येकाची चार अक्षरं, क्रीम-काळा-पांढरा तीन रंग. एकाच डिझाइनचे बहात्तर डबे होतात. अशी चार डिझाइन ठेवायची तर पोटमाळा लागेल. म्हणून तुम्ही ३४, ३६, ३८ बी भरता, कारण तेच खपतं. पण ते खपतं कारण तेच मिळतं. बायकांची अंगं काय तुमच्या फळीकडे बघून वाढतात? आपल्या देशातल्या माणसांची मापं वेगळी आहेत हे सरकारलाही पटलंय. वस्त्रोद्योग मंत्रालयासाठी निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेने स्कॅनर लावून हजारो लोकांची मापं घेण्याचा प्रकल्प त्यासाठीच हाती घेतला, 'इंडियासाइझ' नावाचा. त्याची कोष्टकं आपल्या पेठेत पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांना चष्मा लागेल. लागलाच आहे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. बहात्तर डबे नका भरू. एकाच साध्या सुती डिझाइनचे, एकाच क्रीम रंगाचे, चोवीस नग आणा. प्रत्येक मापाचा एक. ते विकायचे नाहीत, फक्त घालून बघायचे. पातळ समीजवरून घातली तरी बसते की नाही ते कळतं, म्हणजे स्वच्छतेचा प्रश्न मिटला. आठवड्याला एकदा धुवून टाका. बाईला माप सापडलं की तिला हवा तो रंग, हवं ते डिझाइन लिहून घ्या आणि एजंटाला सांगा. तो दर आठवड्याला तुमच्याकडे येतोच, चहा पिऊन जातो. बाई आठ दिवस थांबेल. माझ्याकडे ब्लाऊजला पंधरा दिवस थांबतात, शिव्या देतात, पण थांबतात. अॅडव्हान्स घ्या हवा तर. बाईने स्वतः घालून बघून सांगितलेलं माप आहे म्हटल्यावर परत येण्याचा प्रश्नच कमी होतो, आणि तुमचा पडून राहणारा मालही.

घालून बघताना काय बघायचं ते तुमच्या बायकोला, मुलीला, कामावरच्या पोरीला मी शिकवते. खालचा घेर श्वास सोडून घ्यायचा, टेप घट्ट, पण रुतेल इतकी नाही, आणि पाठीमागे जमिनीला समांतर. मागे टेप वर चढली की माप गेलं. वरचा घेर सैल हाताने, भरलेल्या छातीची बाई असेल तर थोडं पुढे वाकवून. ब्रा घातली की पुढे झुकून काखेकडचं सगळं हाताने वाटीत ओढून घ्यायचं. हे कुणी सांगत नाही, आणि निम्म्या बायकांची वाटी इथेच लहान ठरते. मग नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे. तुम्ही उलटं सांगता, "थोडी सैल वाटतेय? आतला हूक लावा." आतले हूक पुढच्या सहा महिन्यांसाठी असतात, इलॅस्टिक ढिलं पडत जाईल तसे. पहिल्याच दिवशी आतला हूक लावला तर दिवाळीनंतर काय लावणार, सेफ्टी पिन? दोन वाट्यांमधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. हात वर केले, फळीवरचा डबा काढल्यासारखे, तर खालची कड जागची हलता कामा नये. खांद्याच्या पट्ट्या उतरवून बघायच्या. तरीही ब्रा जागेवर राहिली तर पट्टा बरोबर. एवढंच. पाच मिनिटं लागतात. पैठणीच्या निऱ्या काढायला तुम्ही गिऱ्हाइकाला अर्धा तास देता.

वहिनींचं पुढे काय झालं ते राहिलंच. त्यांना मी ब्लाऊज उसवून दिला नाही. नणंदेला फोन करायला लावला, तिने त्याच मापाची ब्रा येणाऱ्या एस.टी.त कुणाबरोबर तरी पाठवली, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पोचली. ब्लाऊज हात न लावता बसला. फोटो पाठवलाय त्यांनी. तुळशीबागेतून आलेल्या एका वस्तूने माझी वही खरी ठरवली, आणि मला तेवढ्यासाठी पुण्यावर अवलंबून राहावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. कराडात इतकी दुकानं आहेत.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. ज्यांना शिकायचं असेल त्यांनी निरोप द्या, मी टेप घेऊन येते. पैसे नकोत. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे तुम्ही रिकामी खोकी रचता, तिथे एक दांडी मारून घ्या आणि एक आरसा लावा. पडदा मी शिवून देते, जाड कापडाचा, आरपार न दिसणारा, जमिनीपर्यंत. त्याची उंची-रुंदी तेवढी पाठवा.

टेप लावून मोजा हं. बघून नको.

आपली,
पेठेतली शिवणवाली ताई